शिक्षक-खोलीची चावी

९ एप्रिल

ती. मामा,

सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ऐकू आल्याचं सोंग करतोस, म्हणून पत्र. मागच्या रविवारी मी दहा मिनिटं बोलले आणि शेवटी तू "तब्येतीला जप" म्हणून फोन ठेवून दिलास. मी तुला प्रश्न विचारला होता, तो तसाच राहिला.

माझी बदली नगरपालिकेच्या आपत्ती कक्षात झाली आहे. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं, नदीचा एक नकाशा आणि एक भोंगा. भोंग्याच्या बटणाला साहेबांशिवाय कोणी हात लावायचा नाही. मागच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता आम्ही पुराची तालीम घेतली. पूर आला असं समजायचं, खालच्या आळीतल्या लोकांनी घरं सोडायची आणि टेकाडावरच्या तुझ्या शाळेत जमायचं. इशारा सहाशे बारा कुटुंबप्रमुखांच्या फोनवर गेला. आता हे कुटुंबप्रमुख त्या वेळी कुठे, तर पुलापलीकडच्या कारखान्यात, आणि त्यांचे फोन फाटकावर जमा केलेले. चारपाचशे फोन एका कपाटात एकदम वाजले. पहारेकरी म्हणे कपाटापासून लांब पळाला.

घरात होत्या त्या बायका. त्यांना कोणी काही कळवलंच नाही. मग आमची माणसं दारोदार गेली, तेव्हा त्या आल्या. शाळेच्या दाराशी उभ्या राहिल्या, आत डोकावल्या आणि आल्या तशा परत गेल्या. अहवालात साहेबांनी लिहायला सांगितलं, 'महिलांचा प्रतिसाद निरुत्साही.' म्हणाले, "बायकांना घर सोडवत नाही हो. भांड्याकुंड्यांत जीव अडकलेला असतो."

मी लिहीत होते, ती थांबले. आपल्या घरात आईबद्दल हेच सांगतात ना. शिवणयंत्रासाठी परत गेली म्हणून.

एकतीस वर्षांपूर्वीच्या पुरात शाळेतल्या निवाऱ्याची नोंदवही तू लिहिली होतीस. ती तुझ्या ट्रंकेत आहे हे मला माहीत आहे. पाठवशील? पावसाळ्याआधी नवा आराखडा द्यायचा आहे. तोवर काही सुधारलं नाही, तर पुढच्या पुरातही त्या दारातून परत जातील आणि आम्ही 'निरुत्साही' लिहू.

तुझी
खारूताई

१६ एप्रिल

प्रिय खारूताई,

तुझं पत्र सूनबाईंनी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं, म्हणजे मी आधी वाचणार आणि मग जेवण गार झालं म्हणून बोलणी खाणार. तसंच झालं.

वही पाठवतो आहे. कोपरे वाळवीने खाल्लेत, पण आकडे शाबूत आहेत. ट्रंक उघडली आणि दुपार कुठे गेली ते कळलं नाही. वहीखाली इयत्ता चौथीचं कवितांचं पुस्तक निघालं, तुझ्या आईचं आणि माझं मिळून एक. आम्ही दोघं एका बाकावर नव्हतो, पण पुस्तक एकच होतं. सकाळी ते माझ्याकडे, दुपारी तिच्याकडे. तिला प्रत्येक कविता पाठ, फक्त शेवटची ओळ सोडून. तिथे येऊन ती अडायची आणि माझ्याकडे बघायची. मग मी ओठ हलवून ओळ पुरवायचो. बाईंना हे चांगलं ठाऊक होतं, पण त्या खिडकीबाहेर बघायच्या. पुढे शिवणाच्या कामाला लागल्यावरही पायाखाली यंत्र चालू ठेवून ती कविता गुणगुणायची. शेवट आला की यंत्र थांबवून हाक मारायची, "दादा, पुढे काय रे?"

आमच्या त्या पुस्तकातल्या नद्या फार शहाण्या होत्या. शेतांना पाणी पाजायच्या, डोंगरांशी बोलायच्या, समुद्राला भेटायला जायच्या. त्यांतली एकही कोणाच्या घरात शिरली नाही. मी पस्तीस वर्षं मुलांना त्याच नद्या शिकवल्या.

त्या दिवसाचं म्हणशील तर सगळं शिस्तीत झालं होतं. सकाळी नऊलाच मी घंटा दिली. बायकांना निघायला उशीर होतो, हे तुझ्या साहेबांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तुझ्या आईचं दुःख मला जन्मभराचं आहे, पण यंत्रात तिचा जीव होता, हे तर सगळ्यांनी पाहिलेलं. शाळेपुरतं सांगायचं तर नव्या वर्षाची चारशे बारा पुस्तकं शिक्षक-खोलीत होती आणि एकही भिजलं नाही. त्याचं प्रशस्तिपत्र इथे माझ्या खाटेच्या वर भिंतीला टांगलेलं आहे.

तब्येतीला जप. (हे मुद्दाम लिहिलं.)

मामा

२७ एप्रिल

ती. मामा,

वही मिळाली. तुझं अक्षर बघून वाटलं की पुरातही तू समास आखून घेतला असणार. पान उघडलं आणि खरंच आखलेला होता.

आता एक विचारते. तू दर तीन-चार तासांनी मोजणी केलीस. सकाळी अकराला महिला चौसष्ट. दुपारी तीनला महिला अडतीस. संध्याकाळी सहाला महिला त्रेसष्ट. पुरुषांचे आकडे तिन्ही वेळा एकाहत्तरच्या आसपास. मुलं अठ्ठावन्नची अठ्ठावन्न.

मामा, दुपारी तीनला सव्वीस बायका कुठे होत्या? पोरं निवाऱ्यात ठेवून, गुडघाभर पाण्यातून, सव्वीस जणी? सगळ्यांकडे तर शिवणयंत्रं नव्हती. हे आकडे तुझ्याच हातचे आहेत. एकतीस वर्षं ते एकाखाली एक बसलेले आहेत आणि त्यांची वजाबाकी कोणी केली नाही.

मी काल शाळेत जाऊन आले. मुलांसाठीचं शौचालय मैदानाच्या टोकाला आहे, पुरात पहिलं तेच बुडतं. इमारतीत दुसरं एकच, शिक्षक-खोलीच्या मागे, आणि त्याला जायला खोलीतूनच वाट. खोलीला आजही कुलूप होतं. मी ती निवाऱ्यात बायकांसाठी मागितली, आतून कडी लावता येईल अशी. आराखड्याच्या समितीत नऊ जण आहेत, बाई म्हणून मी एकटी, तीही टिपणं काढायला. दुकानदार संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, "खोल्या काय वाटताय, पूर येतोय की पाहुणे?" सगळे हसले. साहेब म्हणाले, मागे कधी कोणी मागितली होती का, त्याची नोंद दाखवा. दहा जूनला शेवटची बैठक.

म्हणून विचारते. त्या दिवशी कोणी ती खोली मागितली होती का?

खारूताई

५ मे

प्रिय खारूताई,

इकडे उन्हाने जीव नकोसा केला आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय म्हणतात, म्हणून अक्षर वाकडं. सूनबाई म्हणाल्या, मी सांगते तसं तुम्ही बोला, मी लिहिते. पण मग त्या माझी वाक्यं दुरुस्त करतात.

काल समोरच्या गच्चीवर दोन मुली दोरीवरच्या उड्या मारताना काहीतरी पाठ म्हणत होत्या. ऐकू आलं नाही, पण चाल ओळखीची वाटली. आमच्या वेळी पावसाची एक कविता होती, ती चार माणसांनी चार चालींत लावली होती आणि तरी ती बिचारी कविताच राहिली. तुझी आई ती पाचव्या चालीत म्हणायची.

तुझ्या वजाबाकीबद्दल काय सांगू? गर्दी होती, मोजताना चूक झाली असेल. खोलीचं म्हणशील तर नीटसं आठवत नाही. इतक्या वर्षांनी कोणी काय मागितलं आणि काय नाही, ते कोण लक्षात ठेवतं. तुमच्या आराखड्याला जुन्या गोष्टी कशाला हव्यात? नवं काहीतरी कर, तू हुशार आहेस.

मामा

१४ मे

ती. मामा,

हे पत्र मी चार दिवस लिहिते आहे.

शाळेच्या उतारावर इस्त्रीचं दुकान आहे. ते चालवणारी बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तालमीच्या दिवशी दारातून परत गेलेल्यांत ती पहिली होती. मी कपडे आणायला गेले तेव्हा सहज विचारलं, का परत गेलात हो? ती म्हणाली, "खोलीला कुलूप दिसलं." मग बराच वेळ एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली. माझी बाही होती, जळाली.

ती तेव्हा चौदा वर्षांची, तुझ्या आठवीच्या वर्गात. त्या दिवशी साडेतीनच्या सुमारास तिथे बसल्या बसल्या तिला पहिल्यांदा पाळी आली. आजूबाजूला सत्तर पुरुष. पलीकडे बसलेल्या माझ्या आईने ओळखलं. तिचा गणवेश आईनेच शिवलेला, म्हणे त्यावरचा डाग दुरून दिसला. आई उठून कोणाकडे तरी गेली आणि लगेच परत आली. आपला स्वेटर हिच्या कमरेला बांधला, हिला मागच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं आणि म्हणाली, "हलू नकोस. माझ्या टोपलीत धुतलेले सुती तुकडे आहेत, घेऊन आलेच." घर साठ पावलांवर. पाणी गुडघ्याला. पावणेचारला वरचा बांध फुटला.

ती पायऱ्यांवरून हलली नाही. अंधार पडेपर्यंत तिथेच होती. मग तिने सगळ्यांच्या तोंडून शिवणयंत्राचं ऐकलं. तिने ते कधी खोडून काढलं नाही, कारण खोडायचं तर खरं सांगायला लागलं असतं. शाळाही सोडली. मला म्हणाली, "तुझी आई माझ्यामुळे गेली. तू माझ्याकडे कपडे टाकतेस तेव्हा दर वेळी वाटतं, आज सांगावं."

आणि तीनच्या मोजणीत नसलेल्या त्या सव्वीस जणींचं पण तिने सांगितलं. सकाळपासून त्या पाणीच पीत नव्हत्या. मग दुपारी गटागटाने घरी जाऊन येत होत्या. दिवसाउजेडी दुसरीकडे जाणार कुठे?

मामा, मी तेव्हा सहा वर्षांची होते, पण मलाही एक आठवतं. तू आम्हा पोरांना गोल बसवून कविता म्हणून घेत होतास. मध्येच आई आली होती. तू हात वर करून आम्हाला थांबवलंस. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

तुला ऐकू आलं असेल. तेव्हा तुझे कान चांगले होते.

बैठक दहा तारखेला आहे.

खारूताई

२९ मे

ताई,

मी परस्पर लिहिते आहे, त्यांना सांगू नका. तुमचं पत्र आल्यापासून बाबा गप्प आहेत. जेवतात, पण मीठ कमी पडलं तरी बोलत नाहीत, यावरून काय ते समजा. परवा खाटेवर उभं राहून भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढलं. या वयात खाटेवर चढले म्हणून मी ओरडले, तर म्हणतात, खिळा ढिला झाला होता. खिळा मी हलवून पाहिला, पक्का आहे. रोज कागद घेऊन बसतात, आणि केराच्या डब्यात रोज चुरगाळलेले पाच-सहा निघतात. मी वाचत नाही. तुम्ही काही विचारलं असेल तर आता परत विचारू नका, एवढंच सांगायचं होतं. लिहितायत.

तुमची वहिनी

३ जून

खारूताई,

सोबत वेगळ्या कागदावर जबाब आहे, तारीख आणि सही घातलेला. तो तुझ्या समितीला दे. हे पत्र तुझ्यासाठी.

तुझी आई आली तेव्हा मुलं तिसऱ्या कडव्यावर होती. छान लय लागली होती, रडणारी पोरंसुद्धा म्हणू लागली होती, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. माझ्याभोवती गावातली पंधरा-वीस माणसं उभी, मास्तर कसं सांभाळतोय ते बघत. ती म्हणाली, "दादा, शिक्षक-खोली जरा उघडून दे रे." मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "बायकांना हवीय." मी परत विचारलं, "अगं, पण कशाला?"

तिने त्या माणसांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, थेट तशी, शेवटच्या ओळीवर अडली की बघायची तशी. आणि म्हणाली, "असू दे."

मी ओळ पुरवली नाही. मी मुलांना म्हटलं, चला, चौथं कडवं.

मला कळलं नव्हतं असं मी स्वतःला एकतीस वर्षं सांगत आलो. पूर्ण कळलं नव्हतं हे खरं. अर्धं कळलं होतं. बायकांचं काहीतरी असणार, आणि आत नवी पुस्तकं फरशीवर रचलेली, ओल्या पायांनी चिखल होईल, हे एका क्षणात मनात आलं. पुस्तकांची बाजू जड ठरली. चावी सदऱ्याच्या खिशात होती, मी वरून हात लावून ती आहे ना ते पाहिलं. तो हात मला आठवतो.

त्या खोलीत काय काय होतं हे मला पाठ आहे. पुस्तकं. प्रथमोपचाराचं कपाट, त्यात कापसाच्या सहा गुंडाळ्या आणि स्वच्छ पट्ट्या. मागे शौचालय. एक बादली आणि हंडाभर पाणी. ती आणायला गेली ते सगळं माझ्या खिशातल्या चावीपलीकडे होतं.

तिसऱ्या दिवशी वहीत शेरा लिहायचा होता. तुझे वडील म्हणाले, यंत्रासाठी गेली असेल, दुसरं काय. मी ते चटकन उतरवलं. कोणी दिलेलं उत्तर मुलगा जितक्या चटकन उतरवतो तितक्या. आज वहीची माझ्याजवळ नक्कल नाही, पण तू त्या शेऱ्यावर रेघ मार आणि खाली लिही : खोली मागितली होती, दिली नाही. नोंद करणाऱ्याचं नाव माझं घाल.

आणि त्या मुलीला सांग. आठवी ब, हजेरी क्रमांक एकोणीस. शेवटच्या बाकावर बसायची. पूर ओसरल्यावर तीन महिने मी तिच्यापुढे 'गैरहजर' लिहीत होतो आणि मग तिचं नाव पटावरून काढलं. का येत नाही ते विचारायला मी तिच्या घरी गेलो नाही. मी नेमकं तिथेच 'का' विचारायला हवं होतं, आणि जिथे विचारायला नको तिथे विचारलं. तिची काहीही चूक नव्हती, असं तिला सांग. मी सांगितलं म्हणून सांग.

आराखड्यात माझी एकच सूचना घाल. बाकी तुम्हाला जास्त कळतं. निवाऱ्याच्या दारावर लिहा : चावी मागणारीला कारण विचारू नये.

मामा

१३ जून

ती. मामा,

बैठक झाली. आधी तेच सांगते.

तुझा जबाब साहेबांनी स्वतः मोठ्याने वाचला, मला वाचायला लावला नाही, ते बरं झालं. वाचून झाल्यावर कोणी हसलं नाही. दुकानदार संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, वाईट झालं, पण एका घटनेवरून आराखडा कसा बदलायचा. तेव्हा अग्निशमन दलाचे अधिकारी बोलले. ते बैठकीत कधी बोलत नाहीत, घड्याळ बघतात. म्हणाले, "मी नऊ वर्षांचा होतो. त्याच निवाऱ्यात. आईला सारखा पाण्याचा पेला नेऊन देत होतो आणि ती 'तहान नाही' म्हणत होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तहान नाही? मला आज कळतंय ते." मग परत घड्याळ बघायला लागले.

ठरलं ते असं. शिक्षक-खोली बायकांसाठी, आतून कडी, पाणी, कपाटात लागणारं सामान. तीन चाव्या, तीन बायकांकडे : शाळेतल्या शिपाईबाई, निवृत्त नर्सबाई आणि इस्त्रीवाली. "चाव्या हरवल्या तर जबाबदार कोण?" असं विचारलं गेलंच. मी म्हटलं, गेली एकतीस वर्षं चावी हरवली नव्हती. इशारा आता प्रत्येक घरातल्या दोन फोनवर जाणार, दुसरा घरातल्या बाईचा. आणि समितीत दर आळीतून एक बाई, टिपणं काढायला नव्हे.

तुझी सूचना साहेबांनी वगळली. म्हणाले, भावना पोचल्या, पण सरकारी भाषेत बसत नाही.

आता आपलं. मी रागावले नाही असं लिहिणार नाही. मी रागावले आहे, आणि बहुतेक बराच काळ राहीन. तुझं पत्र मी ज्या खुर्चीत वाचलं तिथून तासभर उठले नाही. तूच मला वाढवलंस, माझ्या वह्यांना कव्हरं घातलीस, आणि दर वर्षी त्या तारखेला यंत्राची गोष्ट सांगितलीस. आई वेंधळी होती, हट्टी होती, वस्तूंत अडकायची, असं मी तिला एकतीस वर्षं ओळखत होते. आता तिची नव्याने ओळख करून घ्यायची आहे. ते काम मला आवडतंय, हेही खरं.

शेऱ्यावर रेघ मारली. तू सांगितलंस ते खाली लिहिलं. तुझा निरोप मी दिलेला नाही. तो तुझा आहे, तू दे. ती वाचू शकते.

खारूताई

२६ जुलै

ती. मामा,

बातम्यांत पाहिलं असशील. आम्ही सगळे ठीक आहोत. बुधवारी दुपारी एकला वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि अडीचला खालच्या आळीत शिरलं. या वेळी फोन घराघरांत वाजले. आमचा भोंगा वाजायच्या आत अर्ध्या बायका पोरंबाळं घेऊन उतार चढत होत्या. भोंग्याचं बटण अडकलं होतं, साहेब ते दाबत बसले होते.

मी दर दोन तासांनी मोजणी केली. समास आखला, तुझी सवय. महिला दोनशे बारा. दोनशे बारा. दोनशे पंधरा, कारण मागून एक जण सासू आणि नणंदेला घेऊन आली. एकदाही आकडा खाली गेला नाही. बायका पाणी पीत होत्या. मी ते बघत उभी राहिले होते, कोणाला वाटलं असेल हिला काही काम नाही.

शिक्षक-खोलीच्या दारावर एक पाटी आहे. साहेबांनी वगळलेलं वाक्य इस्त्रीवालीने स्वतः रंग आणून लिहिलं आहे, अक्षर जरा उतरतं गेलंय. मी म्हटलं, ही सूचना माझ्या मामाची. ती म्हणाली, "माहीत आहे. पत्र आलंय मला." तुझ्या पत्रात काय होतं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकानदार संघटनेचे अध्यक्ष तिथे उभे होते. एक मुलगी चावी मागायला आली. अध्यक्ष सवयीने म्हणाले, "कशाला गं?" इस्त्रीवालीने फक्त बोट पाटीकडे केलं. त्यांनी वाचलं. मग दारापासून दहा पावलं लांब गेले, पाठ करून उभे राहिले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना "तिकडून जा, तिकडून" सांगत राहिले. पाणी उतरेपर्यंत तिथून हलले नाहीत.

आळीतली घरं चिखलाने भरली आहेत, वर्षभर निस्तरत बसू. पण माणूस एकही गेलं नाही.

डोळ्याचं ऑपरेशन कधी? सुट्टी घेऊन येईन. राग घेऊन येईन, पण येईन.

खारूताई

२ ऑगस्ट

गुरुजींना नमस्कार.

तुमचं पत्र जूनमध्येच मिळालं होतं. उत्तर द्यायला उशीर झाला, लिहायची सवय राहिलेली नाही, चुका असतील तर लाल शाईने दुरुस्त करून पाठवा. आठवीनंतर हे माझं पहिलं मोठं लिखाण.

तुम्ही लिहिलं की माझी चूक नव्हती. मी ते वाचून दुकान दुपारी बंद केलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला, एवढं मनात ठेवून इतक्या इस्त्र्या कशा केल्यास? मी म्हटलं, म्हणूनच तर केल्या.

तुमच्यावर मला राग आहे का, असं तुम्ही विचारलं आहे. आहे थोडा. पण तुम्ही त्या दिवशी म्हणून घेतलेली कविता मला अजून पाठ आहे. बाहेर पायरीवर बसून मी ती ऐकत होते, म्हणून घाबरून धावत सुटले नाही, म्हणून वाचले. आता हे दोन्ही एकाच दिवशीचं आहे, त्याचं काय करायचं ते मला समजत नाही. चौथ्या कडव्याची शेवटची ओळ तेवढी ऐकू आली नाही. तेव्हाच बांध फुटला.

शाळेतल्या शिपाईबाई सांगत होत्या की तुम्ही त्या खोलीत पुन्हा कधी पाय ठेवला नाहीत, निवृत्तीच्या समारंभालाही बाहेर व्हरांड्यातच खुर्ची मागितलीत. डोळा बरा झाला की या. चावी माझ्याकडे असते, दुकानात आरशामागे खिळ्याला. तुम्ही आलात की मी खोली उघडून देईन. कशाला, ते विचारणार नाही.

आपली विद्यार्थिनी
आठवी ब, हजेरी क्रमांक एकोणीस